रिपोर्टातली शेवटची ओळ

पोटावर थंडगार जेल पडलं की माणूस दचकतो, श्वास वर ओढतो आणि मग दहा मिनिटं डॉक्टरांकडे रागानं बघत पडून राहतो. सोनोग्राफीच्या कुठल्याही सेंटरात हे बघायला मिळेल. आमच्या डॉक्टरांच्या टेबलावर मात्र कुणी दचकत नसे. ते जेलची बाटली स्टीलच्या डब्यात गरम पाण्यात उभी करून ठेवत. डबा घरचा, झाकणावर बायकोचं नाव कोरलेला. पाणी निवलं की हातातलं काम थांबवून स्वतः उठत आणि पँट्रीतून नवं पाणी घेऊन येत. बाहेर रांग लागलेली, रिसेप्शनवरची मुलगी दारातून माना वेळावतेय, आणि हे डबा धरून सावकाश चालताहेत.

"दुसऱ्याच्या पोटाला हात लावायचा तर स्वल्प मर्यादा पाहिजे की नको, अक्का?" असं वर मलाच विचारत.

अक्का म्हणजे मी. वयानं त्यांच्या मुलीसारखी, पण सेंटरातली प्रत्येक बाई त्यांची अक्का आणि प्रत्येक पुरुष अण्णा. बसवनगुडीतल्या त्या सेंटरात मी नऊ वर्षं त्यांच्या हाताखाली रिपोर्ट टाइप केले. हिरव्या पडद्याच्या पलीकडे ते आणि पेशंट, अलीकडे मी आणि माझा कीबोर्ड. ते मशीनकडे बघत बोलायचे, मी टाइप करायची. रेकॉर्डिंग वगैरे काही नाही. त्यांच्या तोंडून निघालेला शब्द माझ्या बोटांतून कागदावर उतरला तर उतरला, नाही तर हवेत गेला. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं सगळं याच्यावरच आहे.

त्यांच्या घराण्याला बंगळुरात किती पिढ्या झाल्या ते त्यांनाही धड सांगता येत नसे. कापडाचा धंदा होता, हेच पहिले डॉक्टर. मी निपाणीकडची, लग्न होऊन येलहंक्याला आलेली. माझी मराठी कानडी वळणाची आणि त्यांची मराठी कानडीच्या पोटात राहणारी. आम्ही दोघं बोलायला लागलो की पुण्याहून आलेली आमची एक टेक्निशियन हसू दाबायची. डॉक्टर तिला म्हणायचे, "हसा हसा अक्का, हसल्यानं आतडं हलतं."

आतडं हा त्यांचा देव, धर्म आणि रविवारचा सिनेमा. सगळा स्टाफ त्यांना पाठीमागे होट्टे डॉक्टर म्हणायचा. होट्टे म्हणजे कानडीत पोट. त्यांना हे नाव माहीत होतं आणि आवडायचंही. कमरेला पट्टा लावत नसत. पट्टा पोटाला हुकूम करतो, असं त्यांचं मत. म्हणून पँट गॅलिसवर टांगलेली. गॅलिस लावणारा दुसरा माणूस मी उभ्या बसवनगुडीत पाहिला नाही. दुपारी एकला नाचणीची आंबील आणि ताक. ते स्वतः प्यायचेच, पण मोठ्या थर्मासमधून सगळ्यांसाठी आणायचे, त्यामुळे एक वाजला की स्टाफला अचानक बाहेर कामं निघायची. मी पडद्याआड अडकलेली असल्यामुळे मला पळता यायचं नाही. खोटं कशाला बोलू, पहिलं वर्षभर मी ती आंबील खिडकीतल्या तुळशीला घातली. तुळस चांगली वाढली.

लिव्हरवर चरबी दिसली की पेशंट आधी कानाला हात लावतो. "डॉक्टर, देवाशपथ, मी कधी प्यायलो नाही!" हे मी पडद्याआडून शेकडो वेळा ऐकलं. कुणी पोथी वाचणारा, कुणी शाळेतला मास्तर, कुणी पन्नाशीची गृहिणी. डॉक्टर हसायचे. मग मशीनचा पडदा पेशंटकडे वळवायचे आणि एका काळ्या पट्टीवर बोट ठेवायचे.

"ही बघा वाट. आतड्यातून निघालेलं रक्त पहिल्यांदा कुठं जातं? हृदयाकडे नाही. इथं, लिव्हरकडे. लिव्हर ही आतड्याची शेजारीण की हो. आतड्यात चांगले जंतू राहतात, आतड्याची भिंत धड असते, तोवर शेजार चांगला. तुम्ही त्यांना उपाशी मारलं, ऊठसूट औषधं घेऊन त्यांचा वंश बुडवला, अपरात्री गोड ओतलं, तर भिंत सैल होते. मग नको ते गळतं आणि या शेजारणीच्या दारात जातं. ती किती दिवस झाडून काढणार?"

आणि लगेच सावध होऊन म्हणायचे, "सगळंच सिद्ध झालंय असं नाही हां. अजून शोधताहेत लोक. वजन आहे, साखर आहे, घराण्यातनं आलेलं आहे. पण विचारायला काय जातं?"

म्हणून ते विचारायचे. तीन प्रश्न, प्रत्येकाला. सकाळी पोट कसं साफ होतं? रात्री किती वाजता जेवता? कुठल्या गोळ्या स्वतःच्या मनानं घेता? बायका लाजायच्या, आयटीतले तरुण घड्याळ बघायचे, पण उत्तरं द्यायचे. कोमट जेलचा तो गुण असावा. ती उत्तरं ऐकून डॉक्टर रिपोर्टाच्या शेवटी आपली एक ओळ सांगायचे. सांगायचे इंग्रजीत, मी इथं मराठीत देते. "रात्री अकराला जेवण, महिन्यातून दोनदा स्वतःच्या मनानं अँटिबायोटिक, सकाळचं पोट बिघडलेलं, पोटाकडे लक्ष द्यावं, लिव्हरची रक्ततपासणी करावी, सहा महिन्यांनी पुन्हा बघावं." प्रत्येक पेशंटची ओळ वेगळी. पेशंटला ते तोंडी सांगतच, पण त्यावर त्यांचा भरवसा नव्हता. म्हणायचे, "तोंडचं बोलणं माणूस चपला घालेपर्यंत विसरतो. कागद मात्र त्यांचे डॉक्टर वाचतात. तेवढं कागदावर राहू दे."

दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी ते स्वतःचीच सोनोग्राफी करायचे. टेबलावर उताणे पडून, गॅलिस बाजूला सारून, स्वतःच्या पोटावर प्रोब फिरवत मला सांगायचे, "लिहा अक्का. पेशंट म्हातारा, हट्टी, म्हैसूरपाक लपवून खातो. लिव्हरवर चरबी, ग्रेड वन. शेवटची ओळ: बायकोला खरं सांगावं." मी ते जसंच्या तसं टाइप करायची. तो कागद ते घरी घेऊन जात आणि त्यांच्या पत्नी तो फाइलला लावत. या कागदांचं पुढं काय झालं ते येईलच.

संध्याकाळी पाचला ते पडद्याआडून बाहेर यायचे आणि सह्या करायचे. वाचायचा चष्मा दोरीनं गळ्यात लटकलेला असायचा, पण सही करताना तो नाकावर चढलेला मी एकदाही पाहिला नाही. तोंडानं मला आतड्याच्या सुरस गोष्टी सांगत, खिडकीबाहेर बघत, हात आपोआप चाललेला. पहिल्या महिन्यात मी एकदा म्हटलं, "सर, एकदा नजर टाका की." तर म्हणाले, "तुम्ही टाइप केलंय ना? मग बघायचं काय?"

ही गोष्ट मी सहा वर्षांनी जेवणाच्या सुट्टीत हसत हसत नव्या मॅनेजरला सांगितली. बाकी कुणी नाही, मीच सांगितली.

सेंटर तेव्हा एका मोठ्या मालकानं विकत घेतलं होतं आणि मॅनेजर त्याच्याबरोबर आला होता. माणूस वाईट नव्हता, घाईत होता. आमच्याकडे पेशंट पाठवणाऱ्या एका मोठ्या डॉक्टरांनी एक रिपोर्ट परत पाठवला, शेवटच्या ओळीभोवती लाल गोल आणि पुढं प्रश्नचिन्ह. आम्हाला शिकवताय का, असा त्याचा अर्थ. मॅनेजर तो कागद घेऊन माझ्याकडे आला. "मॅडम, रिपोर्ट है, प्रवचन नहीं," तो म्हणाला. "वो लास्ट लाइन काट दीजिए. सर को मत बताना, बेकार में तमाशा होगा. साइन तो वो बिना पढ़े करते हैं."

मी नाही म्हणू शकले असते. निदान डॉक्टरांना सांगू शकले असते. नोकरी गेली नसती, त्या कामाला माणूस सहज मिळत नव्हता. पण त्या दिवशी अठ्ठावीस रिपोर्ट होते, माझी बोटं दुखत होती, आणि शेवटच्या ओळी गाळल्या की संध्याकाळी त्या तपासून नीट करत बसावं लागत नव्हतं, काम अर्धा तास आधी संपत होतं. अर्धा तास आधी निघालं की येलहंक्याची मधली बस मिळायची आणि त्या बसला खिडकीजवळची जागा असायची. मी ती ओळ खिडकीजवळच्या जागेसाठी गाळली. मॅनेजरचं नाव पुढं करायला सोपं पडतं, मीही पुष्कळ दिवस तेच केलं.

पडद्यापलीकडे ते ओळ सांगायचे, तेव्हा मी कीबोर्ड वाजवायची सुद्धा. टाइप करायची आणि ते पुढच्या पेशंटकडे वळले की पुसून टाकायची. ते किती मन लावून शब्द शोधायचे! "थांबा अक्का, 'लक्ष द्यावं' नको, 'प्रेमानं लक्ष द्यावं' लिहा." मी लिहायची आणि पुसायची. हे तीन वर्षं चाललं. त्यांच्या स्वतःच्या रिपोर्टातली ओळ तेवढी मी ठेवायची, कारण तो कागद घरी वाचला जायचा.

मग तो होसकोट्याचा माणूस आला. तिथल्या कारखान्यात शिफ्टमध्ये काम करणारा, चाळिशीचा, मूळचा अथणीकडचा, म्हणून मराठी बोलणारा. पाय सुजलेले, पोट ढोलासारखं तट्ट. पडद्याआडून मला आधी डॉक्टरांचं नेहमीचं बोलणं ऐकू आलं, आणि मग ते बोलायचे थांबले. ते बोलायचे थांबले असं आधी कधी झालं नव्हतं. मशीनचा पंखा तेवढा ऐकू येत होता.

"अण्णा, तुम्ही आधी आला होतात इथं," ते म्हणाले. "तीन वर्षं झाली. शिफ्ट सुटल्यावर बाटलीतला गोड रस पिऊन झोपत होतात तुम्ही. आणि पोट बिघडलं की मेडिकलमधून कॅप्सूल."

"व्हय साहेब," तो चकित होऊन म्हणाला. "तेच चालू हाय अजून."

"का? मी सांगितलं होतं की नाही? सहा महिन्यांनी या म्हटलं होतं."

"तुमी कायतरी बोल्ला होता बघा. पण आमच्या डॉक्टरांनी कागद बघितला, म्हणाले ग्रेड टू हाय, सगळ्यांनाच असतंय, वजन कमी कर जरा. कागदावर तसलं काय नव्हतं."

जुना रिपोर्ट त्यानं प्लास्टिकच्या पिशवीतून आणला होता. डॉक्टर पडदा सारून तो कागद घेऊन बाहेर आले. माझ्याशेजारी उभे राहून, चष्मा लावून त्यांनी तो वाचला. उलटून मागची बाजूही बघितली. मागची बाजू कोरी होती.

"नाही की हो," ते हळूच म्हणाले. मग पडद्याकडे वळून पेशंटला म्हणाले, "अण्णा, चूक माझी. सांगायचं राहिलं माझ्याकडून. या अक्का नऊ वर्षं टाइप करताहेत, यांनी एक अक्षर कधी गाळलं नाही."

माझे हात कीबोर्डवर होते. मी ते उचलले नाहीत आणि तोंडही उघडलं नाही.

त्या माणसाचं लिव्हर कडक होत चाललं होतं. डॉक्टरांनी तिथल्या तिथं फोन करून त्याला मोठ्या हॉस्पिटलात पाठवलं. ती ओळ कागदावर असती तर त्याचं लिव्हर वाचलं असतं का, हे कुणालाच सांगता येणार नाही. कदाचित त्याच्या डॉक्टरांनी ओळ वाचूनही काही केलं नसतं. हे मी स्वतःला इतक्या वेळा सांगितलंय की आता माझं मलाच ऐकवत नाही.

संध्याकाळी सह्यांच्या वेळी त्यांनी मला विचारलं. खुर्ची ओढून बसले आणि विचारलं, "अक्का, बाकीच्या रिपोर्टांत असते ना हो ती ओळ? खरं सांगा."

अशी वेळ आयुष्यात फार तर एकदा येते. समोरचा माणूस खरं सांगा म्हणतो, दार उघडून धरतो. आणि मी म्हटलं, "असते की, सर. त्या एकाच दिवशी राहिली असेल."

त्यांनी मान हलवली. माझ्यावर संशय यायला त्यांना कारणही नव्हतं. घरी फाइल होती, तिच्यातल्या प्रत्येक कागदावर शेवटची ओळ होती.

मला वाटलं, सुटले. मला तेव्हा त्यांच्या आईची गोष्ट माहीत नव्हती. ती पुढं त्यांच्या पत्नीकडून कळली. आई शेवटची सहा वर्षं सगळं विसरत गेली होती. सुरुवात अशीच झाली होती, एक निरोप सांगायचा राहिला होता. डॉक्टरांनीच तिचं सगळं केलं होतं, भरवण्यापासून. तेव्हा 'त्या एकाच दिवशी राहिली असेल' म्हणून मी जे सांगितलं, ते त्यांनी कसं ऐकलं असेल ते बघा.

दुसऱ्या दिवसापासून ते बदलले. एकेक वाक्य सांगून झालं की विचारायचे, "सांगितलं ना मी?" पडद्यापलीकडून दिवसातून पन्नास वेळा. मी म्हणायची, सांगितलंत सर. पेशंटचं नाव तीनतीनदा वाचायचे. डब्यातलं पाणी बदललं की नाही ते बोट बुडवून बघायचे. गमती बंद झाल्या. पहिला सोमवार आला आणि गेला, ते टेबलावर पडलेच नाहीत. दीड महिन्यानं त्यांनी राजीनामा दिला. मॅनेजरनं आग्रह केला, तर एवढंच म्हणाले, "जो विसरतो त्यानं दुसऱ्याच्या पोटात बघू नये."

जाताना डबा माझ्याकडे दिला. "नव्या डॉक्टरांना सांगा, पाणी फार कढत नको." नवे डॉक्टर तरुण आणि हुशार होते. एक पेशंट चार मिनिटांत व्हायचा आणि जेल थंड असायचं. पडद्यापलीकडे माणसं पुन्हा दचकायला लागली. डबा माझ्या ड्रॉवरमध्ये राहिला.

आठ महिन्यांनी गांधी बझारात अवरेकाळू, म्हणजे आपले पावटे, घेताना त्यांच्या पत्नी भेटल्या. अवरेकाळूच्या शेंगांचा वास हातांना लागलेला, पिशवी सावरत त्या म्हणाल्या, "काय सांगू, आता एकटे बाहेर जात नाहीत. फिरायला जायचं तर मी पाहिजे. गॅस बंद केला की वहीत लिहितात, गोळी घेतली की वहीत लिहितात. मी म्हणते, तुम्हाला माझ्या माहेरच्या सगळ्यांच्या पत्रिका पाठ आहेत, कसलं विसरणं? तर म्हणतात, तो होसकोट्याचा माणूस विसरलो ना मी." आणि मग माझ्या हाताला हात लावून म्हणाल्या, "तुमची फार आठवण काढतात. म्हणतात, अक्का होत्या म्हणून माझं इतकी वर्षं निभलं."

मी अवरेकाळू तसेच ठेवून निघाले. घरी पोचेपर्यंत बसमध्ये उभी होते. जागा रिकामी होती तरी.

पुढच्या रविवारी डबा पिशवीत घालून त्यांच्या घरी गेले. डबा हे निमित्त. दोघं जेवणाच्या टेबलापाशी बसली होती. त्यांच्यासमोर वही उघडी होती आणि चष्मा छातीवर लटकत होता. वाळले होते, पण मला बघून उजळले.

"या या अक्का! होट्टे बरं आहे ना? रात्रीचं जेवण अजून साडेदहालाच का? बस बदलली का?" सगळं लक्षात होतं. माझ्या सासूच्या पित्ताशयातला खडा केवढा होता, तेही विचारलं.

मी बसले नाही. उभ्यानंच सांगितलं. "सर, तुम्ही ती ओळ सांगितली होती. त्या होसकोट्याच्या माणसाची. मी गाळली. त्याचीच नाही, सगळ्यांची. तीन वर्षं. तुम्ही विचारलंत तेव्हा मी खोटं बोलले."

मग त्यांनी विचारलं, "म्हणजे मी सांगितलं होतं?"

"हो."

"रोज?"

"रोज, सर."

ते ताडकन उठले. मला वाटलं आता ओरडतील, हाकलून देतील, आणि खरं म्हणजे मला तेच हवं होतं. पण ते बायकोकडे वळले. "ऐकलंस का? मी विसरलो नव्हतो! अगं, मी विसरलो नव्हतो की!" त्यांनी वही मिटली आणि लहान मुलासारखी टेबलाच्या दुसऱ्या टोकाला ढकलून दिली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते हसत होते. माझ्या समोर, माझ्यामुळे आठ महिने मेल्यासारखा जगलेला माणूस आनंदानं हसत होता. इतकी लाज मला जन्मात कधी वाटली नाही.

त्यांच्या पत्नी हसत नव्हत्या. "का केलंत तुम्ही असं?" त्यांनी विचारलं.

"मॅनेजरनं..." मी सुरुवात केली आणि थांबले. "बस लवकर मिळायची, काकू."

बाहेरून फुलंवाली ओरडत गेली. डॉक्टरांचं हसू हळूहळू उतरलं. ते खाली बसले. त्यांच्या लक्षात आता दुसरी गोष्ट यायला लागली होती, मला ती दिसत होती.

"सगळ्यांची म्हणालात," ते म्हणाले. "मग बाकीचे?"

मी पिशवीतला डबा काढून टेबलावर ठेवला.

"कुणाकुणाची गाळली, लिहून ठेवलंय?"

"नाही, सर. टाइप करून पुसून टाकायची."

त्यांनी डोळे मिटले. मग बोलायला लागले, पडद्यापलीकडून बोलायचे त्याच आवाजात. "जयनगरच्या शाळेतल्या बाई, उजव्या हाताला भाजल्याची खूण. सकाळी चहा-बिस्किटावर निघायच्या, दुपारी तीनला जेवण. ग्रेड वन. येलहंक्याचे एअरफोर्समधून निवृत्त झालेले अण्णा, दाढेसाठी वर्षात चार वेळा अँटिबायोटिक. ग्रेड टू, त्यांना तर लवकर बोलवायला पाहिजे होतं. अव्हेन्यू रोडवरचा रद्दीवाला, दोन पोरींचा बाप..." ते सांगत गेले. नावं काही ठिकाणी नव्हती, पण पोटं सगळी होती. त्यांच्या पत्नींनी जुनं लेटरपॅड आणून माझ्यापुढं ठेवलं आणि पेन ठेवला. मी बसले आणि लिहायला लागले. पत्ते मला सेंटरच्या रजिस्टरमधून शोधता येणार होते. या वेळी मॅनेजरला सांगूनच शोधायचे, असं मी ठरवलं.

पहिलं पत्र होसकोट्याच्या माणसाला. तो अजून उपचार घेतोय, एवढं डॉक्टरांनी त्या हॉस्पिटलातून मधूनमधून विचारून ठेवलं होतं. त्यांनी सांगितलं, मी लिहिलं. "तुमच्या तपासणीनंतर मी पुढील सल्ला सांगितला होता. तो तुमच्या रिपोर्टात छापला गेला नाही." मग ती ओळ, पूर्ण. ते थांबले तेव्हा मी खाली स्वतःच्या मनानं आणखी एक वाक्य लिहिलं: "तो मी, टाइप करणारीनं, गाळला होता." आणि कागद त्यांच्याकडे सरकवला.

पेन त्यांच्या हातात होता. नऊ वर्षं मी हा हात बघत आले होते, खिडकीबाहेर बघत आपोआप सही करणारा. त्यांनी पेन खाली ठेवला. छातीवरचा चष्मा उचलून नाकावर चढवला. पहिल्या शब्दाखाली बोट ठेवलं आणि ते सावकाश एकेक ओळ वाचत खाली आले. माझ्या वाक्यापाशी बोट थोडा वेळ थांबलं. मग त्यांनी कागद उलटून मागची बाजू बघितली, पुन्हा सुलट केला आणि सही केली.

दुसरं पत्रही त्यांनी तसंच वाचलं. तिसरंही.